पाटी निळी, ब्रेक आमचा

…आणि वर तो हवालदार मलाच म्हणतो, "म्याडम, तुमी मधी कशाला आल्या?" मधी? मी मधी? अहो, मी माझ्या डाव्या अंगाला, माझ्या लेनमध्ये, त्यापेक्षा बैलगाडी बरी अशा स्पीडने चाललेय, पुढे मागे हा एवढा थोरला लाल 'L' लावलाय, आणि समोरून, उलट्या दिशेने, रणगाड्याला घाम फुटेल अशी एक काळी गाडी थेट अंगावर येते… आणि मधी कोण आलं? तर मी! म्हणजे उद्या डोक्यात नारळ पडला तर माडच विचारणार, बाई, तुम्ही खाली कशाला उभ्या राहिलात!

थांबा. नीट सांगते. पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हीही म्हणाल, बाई चालवत होती ना, मग झालं! सगळे तेच म्हणतात.

मी वसुंधरा. नवीन पनवेलात माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे काय, एक गाडी आणि एक मी. पण अर्ध्या नवीन पनवेलला गाडी मी शिकवलीय, काय समजलात! रस्त्यात एखादा शहाण्यासारखा चालवताना दिसला ना, की तो माझा विद्यार्थी समजायचा. बोंबलत अंगावर येतात ते दुसऱ्या स्कूलचे. माझं शिकवणं सरळ आहे, एकच मंत्र. आरसा बघा, हात दाखवा, मगच वळा! इतकी वर्षं म्हणतेय की आमचे हे, उदयसिंह, सगळ्यांना सांगत फिरतात, आमची ही झोपेत कूस बदलतानासुद्धा आधी हात दाखवते. दाखवते! मग? मागून कुणी येत असलं तर?

तर माझ्याकडे शरीफाबाई शिकायला आल्या. जुन्या पनवेलच्या, मोहल्ल्यातल्या. पन्नाशीला टेकलेल्या, अंगाने एवढ्याशा, स्टीअरिंगच्या वर नुसता डोक्यावरचा ओढणीचा पदर दिसायचा. मी मनात म्हटलं, या वयात हिला कुठून ही हौस सुचली? तर हौस नव्हती हो ती. त्यांचे मिस्टर, बद्रुद्दीन, गल्फमध्ये ड्रायव्हर. लग्न झाल्यापासून तिकडेच. शेठची पोरं शाळेत सोड, शेठाणीला बाजारात ने, शेठच्या म्हाताऱ्याला दवाखान्यात ने… दुसऱ्यांना सोडण्या-आणण्यात माणसाची दाढी पांढरी झाली. आता रमजानच्या आधी ते कायमचे परत यायचे होते. आणि विमानतळ तर आता आपल्या दारातच झालंय. बाई पहिल्या दिवशी गाडीत बसल्या, हात मांडीवर, आणि मला म्हणाल्या, "मॅडम, त्यांनी उमरभर लोकांना आणलं, सोडलं. त्यांना आणायला कोण गेला नाय. दर वेळी येतात ते दोन बॅगा ओढत टॅक्सीवाल्यांशी हुज्जत घालत येतात. यंदा मी जानार. ते मागं बसतील, सायबासारखे. मी चालवीन."

आता मला सांगा, हे ऐकून नाही कोण म्हणेल? मी म्हटलं, लावा चावी. आपण त्यांना साहेबासारखं आणू.

आणि सोपं नव्हतं बरं का! पहिले काही दिवस बाई 'बिस्मिल्ला' म्हणून क्लच सोडायच्या आणि गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडायची. पुन्हा बिस्मिल्ला, पुन्हा बेडूक. मागचे रिक्षावाले शिव्या द्यायचे ते वेगळंच. पण बाई चिकट! एकदा माझ्याशी बोलता बोलता त्यांनी आपलं आपण रिव्हर्स घेतलं, वळवलं, लावलं, आणि मग स्वतःच दचकून म्हणाल्या, "या अल्ला, हे मी केलं?" मी माझ्या बाजूच्या ब्रेकवरचा पाय काढून घेतला त्या दिवशी. माझ्या गाडीत डावीकडेही ब्रेक असतो ना, शिकवणारीचा. तो मी फार कमी लोकांसाठी सोडते. नवऱ्यासाठी तर अजून सोडलेला नाही.

टेस्ट दोन दिवसांवर आली होती. रविवारची सकाळ, रस्ता मोकळा, आम्ही आदईच्या बाजूने येतोय. शरीफाबाई इतक्या छान चालवत होत्या, इतक्या छान, की मी खिडकीबाहेर बघत होते! आणि समोर ही काळी गाडी. आमच्याच लेनमध्ये. आमच्याकडे तोंड करून. आत एक गोरापान गृहस्थ, डोळ्यांवर काळा चष्मा, कानाला फोन, आणि दुसऱ्या हाताने तो हातवारे करत होता. मग स्टीअरिंग कुणाकडे? देवाकडे! शरीफाबाईंनी ब्रेक मारला. मीही मारला. दोन ब्रेक, दोन बायका, गाडी जागच्या जागी दगड. नीट ऐका हं, आमची गाडी उभी होती. उभी! आणि तो आला, आरामात आला, आणि धडाम्!

लागलं कुणाला नाही. देवाची कृपा. बोनेट मात्र चपातीसारखं दुमडलं. शरीफाबाईंचे हात स्टीअरिंगला चिकटलेले, ते काही केल्या सुटेनात, आणि त्या मला विचारतात, "मॅडम, मी काय केलं?"

काय केलं होतं त्यांनी? ब्रेक मारला होता. एवढंच तर केलं होतं!

गृहस्थ खाली उतरले. आधी माझ्याकडे बघितलं असेल? नाही. शरीफाबाईंकडे? नाही. रुमाल काढला, स्वतःच्या गाडीचा बंपर पुसला, पुन्हा आत जाऊन बसले, काच वर. तोवर ही गर्दी! आणि गर्दी आपल्या बाजूने, बरं का. "उतरव त्याला!" "काच फोड!" "बायकांच्या अंगावर गाडी घालतो, लाज नाय?" मला तर भरूनच आलं. मग मागून एक बारीक आवाज, "अरे, पाटी बघ. निळी."

झालं. सगळी गर्दी वाकली. पांढरी माहीत आहे, पिवळी माहीत आहे, विजेच्या गाडीची हिरवी माहीत आहे. निळी कसली? एक म्हणाला, गॅसवरची असेल. दुसरा म्हणाला, वाचा, 'सीडी' लिहिलंय, म्हणजे सिडकोची! तेवढ्यावर माना डोलल्या. नवीन पनवेलात न समजलेली कुठलीही वस्तू सिडकोचीच असते हो. आणि मग बघता बघता जे मघाशी काच फोडायला निघाले होते ते दोन पावलं मागे. कारण काय? पाटी निळी!

मग हवालदार आला. स्वभावाने बरा, इथलाच, कुठल्यातरी गावचा आगरी. आधी ऐटीत आला, शिट्टी मारत, दंडाचं ते मशीन हातात. "रॉंग सायडिन येतं म्हंजे काय? थांबा, याला दावताव." मी म्हटलं, वा! मग त्याने पाटी वाचली, कपाळाला आठ्या घातल्या, साहेबांना फोन लावला. आणि फोनवर बोलता बोलता तुम्हाला सांगते, काय बदल झाला त्या माणसात! आधी पोट आत गेलं. मग पाय जुळले. मग मशीन खिशात गेलं. आणि शेवटी त्या बंद काचेला त्याने असा कडक सॅल्यूट ठोकला की आतला माणूससुद्धा दचकला.

"म्याडम, एम्बसीची गाडी हाय. फॉरेनचं साहेब. यांना काय करता येत नाय."

मी म्हटलं, मला त्यांना काही करायचंच नाहीये! मला त्यांनी खाली उतरून या बाईला एवढं सांगायला हवंय, की बाई, चूक माझी. तीन शब्द. नाहीतर नुसतं सॉरी म्हणू दे, एकच शब्द, तोही त्यांच्याच भाषेतला!

"तेंच्याकडं गाडी उजवीकडशी चालवतान म्याडम. म्हंजे तो त्याच्या हिशोबान बरोबर हाय."

"अहो, पण आहे कुठे तो?"

"पनवेलान."

"मग?"

"पन गाडीन बसलाय ना परत! गाडीच्या आत तेंचा देश असतं. आमाला तसंच सांगलंय."

ऐकलंत? म्हणजे पनवेलात आदईच्या रस्त्यावर अचानक परदेश सुरू झाला होता! आणि त्या परदेशाने आमच्यावर धडक दिली होती! देशाचं नाव मी घेत नाही. एक तर मला ते नीट म्हणता येत नाही, आणि दुसरं, माझ्यामुळे संबंध बिघडायला नकोत. तर माझ्या गाडीचा पुढचा 'L' तुटून त्याच्या पुढच्या जाळीत अडकला होता. मी म्हटलं, निदान माझा L तरी घेते. हात पुढे केला, तर हवालदार केवढ्याने ओरडला, "म्याडम! हात नका घालू! फॉरेन हाय ते!"

आणि गेला हो तो. माझा L दातात धरून गेला. भरधाव, पुन्हा उलट्याच बाजूने, पुढे लाल L. तुम्हाला खरं सांगते, अख्ख्या प्रकरणात तेवढाच काय तो न्याय झाला. ज्याला L लावायला हवा होता त्याला तो लागला.

संपलं असेल ना? छे! गाडी नजरेआड झाली, हवालदाराने मशीन पुन्हा बाहेर काढलं, घसा साफ केला, आणि माझ्याकडे वळला. "म्याडम… शिकाऊ गाडी ना तुमची? मंग पुरचा L कुटं हाय?" म्हटलं, आत्ता तुमच्यासमोर परदेशात गेला! "त्ये बराबर. पन आता नाय ना. साहेबांनी सांगलंय, जागेवर गेलास तं कायतरी केस कर." आणि केली! टिंग टिंग, माझ्या मोबाइलवर मेसेज. गुन्हा काय, तर शिकाऊ वाहनावर चिन्ह नसणे. सगळ्या जगात त्या सकाळच्या अपघाताची सरकारी नोंद ती एवढीच. निळ्या पाटीचं नाव कुठे नाही. उलट्या दिशेचं नाव कुठे नाही. चूक एकच, आणि ती माझ्या गाडीची. म्हणजे चालवत होत्या त्या शरीफाबाईंची!

घरी आले तर आमचे हे चहा पीत बसलेले. यांना बँकेतून रिटायर झाल्यापासून सगळं माहीत असतं. म्हणाले, "वसू, एकसष्ट साली व्हिएन्नाला करार झालाय. राजनैतिक अधिकाऱ्यांना अटक नाही, खटला नाही. आपल्या लोकांनाही तिकडे तेच मिळतं." मी म्हटलं, कोण आपले लोक? मी व्हिएन्नाला जाऊन कुणाला उडवणार आहे? हे म्हणाले, "तसं नाही, तत्त्व आहे ते." तत्त्व! व्हिएन्नात कुणीतरी सूटबूट घालून सही केली आणि पनवेलात माझं बोनेट दुमडलं. आणि ते गाडीच्या आत त्यांचा देश वगैरे? "अगदी तसं नसतं," हे म्हणाले, "पण हात न लावलेलाच बरा." म्हणजे हवालदारही बरोबर आणि हेही बरोबर. चुकलेली मीच.

पण माझं सोडा. गाडी दुरुस्त होते. शरीफाबाई येईनात.

टेस्टला गेल्या नाहीत. फोन केला तर उचलेनात. मी मोहल्ल्यात घरी गेले. जाऊ तिथेच बसलेली, माझ्यासमोर म्हणते, "तरी आमी बोललेलो, ही काय उमर हाय काय गाडी शिकायची?" शेजारीण म्हणते, "फॉरेनच्या सायबाला ठोकली म्हणे!" ठोकली म्हणे! अहो, उभ्या गाडीने कुणाला ठोकलं? दाराला कुणी डोकं आपटलं तर दाराने मारलं म्हणाल का? मी समजावून समजावून थकले. शरीफाबाईंनी माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "मॅडम, खता माझीच असनार. नायतर पोलिसांनी त्याला सोडला असता? दंड आपल्याला लागला ना? ज्याची खता, त्याला दंड."

बाई सरळ. बाईचा हिशोब सरळ. कायदा वाकडा, हे पन्नाशीच्या सरळ बाईला कुठल्या तोंडाने शिकवायचं?

तेव्हा मी ठरवलं. हिला एकदा, एकदाच, त्या माणसाच्या तोंडून ऐकवायचं की चूक त्याची. चौकीत गेले. तिथले साहेब इतके नम्र, इतके नम्र, की रागसुद्धा धड येईना. "मॅडम, तक्रार लिहून घेतो. पण पुढे काही होईल अशी आशा ठेवू नका. पाटी निळी." मग वकिलातीला पत्र लिहिलं, यांच्याकडून इंग्रजी तपासून घेतलं. उत्तर आलं! चकचकीत लिफाफा! मी देवापुढे ठेवून फोडला. आत काय? 'आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत. दोन्ही देशांतील मैत्री अशीच वाढत राहो.' आणि सोबत एक कॅलेंडर. त्यात पानापानावर त्यांच्या देशातले रस्ते! लांबच लांब, गुळगुळीत, रिकामे. रिकामे का असतील, सांगा बघू? चालवणारे सगळे इकडे आलेत!

आणि मग, तुम्हाला खोटं वाटेल, पण जानेवारीत आमच्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांच्या संघटनेने रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम ठेवला. आता आपल्याकडे कार्यक्रम म्हटला की प्रमुख पाहुणा लागतो. विषय कुठलाही असो, पाहुणा मोठा पाहिजे. पाहुण्याचा विषयाशी संबंध असतो असं कुणी सांगितलं? आमचा सचिव देवेश छाती फुगवून सांगत आला, "मॅडम, या वर्षी इंटरनॅशनल! एम्बसीचे साहेब येतायत. त्यांचं कर्जतच्या बाजूला फार्महाउसवर येणं-जाणं असतं, ओळखीने जमवलं." फोटो दाखवला. काळा चष्मा. गोरापान. तोच! मी किंचाळलेच. देवेश म्हणतो, "अरे वा, म्हणजे तुमची ओळख आहे! मग शाल-श्रीफळ तुमच्याच हस्ते!"

म्हणजे ज्याने मला उडवलं त्याला मी शाल पांघरायची. रस्ता सुरक्षेसाठी!

नाही म्हणणार होते. पण मग मनात आलं, हा माणूस परदेशाच्या बाहेर येऊन, दोन पायांवर, पनवेलच्या हॉलमध्ये, माझ्यासमोर उभा राहणार. असा योग पुन्हा नाही. मी म्हटलं, शाल मी देते, पण आभारही मीच मानणार. आणि शरीफाबाईंना अक्षरशः हाताला धरून आणलं, दुसऱ्या रांगेत बसवलं. म्हटलं, आज ऐका तुम्ही, तुमच्या कानांनी.

साहेबांचं भाषण झालं. रस्त्यावर संयम पाळा, म्हणाले. टाळ्या! उलट दिशेने जाऊ नका, म्हणाले. टाळ्या! वाहन चालवताना फोन नको, म्हणाले. मी शरीफाबाईंकडे बघितलं, त्या पण टाळ्या वाजवत होत्या, बिचाऱ्या. मग सत्कार. मी शाल घेऊन पुढे झाले, साहेब उंच, मी चवड्यांवर, शाल काही त्यांच्या खांद्यापर्यंत पोचेना, तेव्हा ते मोठ्या मनाने पुढे वाकले, एक पाऊल टाकलं, आणि ते पाऊल पडलं माझ्या अंगठ्यावर. चकचकीत बूट, पूर्ण वजन! मी कळवळले. आणि साहेब लगेच, दोन्ही हात जोडून, चेहरा पाडून, "सॉरी! सॉरी मॅडम! सो सॉरी!"

अंगठ्यासाठी तीन सॉरी! गाडीसाठी शून्य!

म्हटलं, आता आभारात बघते याला. माइक घेतला. "आजच्या प्रमुख पाहुण्यांशी माझ्या गाडीची जुनी ओळख आहे…" देवेशने साहेबांच्या कानात भाषांतर केलं, साहेब खूश, हात जोडले, हॉलमध्ये टाळ्या. "ही ओळख आदईच्या रस्त्यावर झाली, आणि त्या दिवशी साहेब कुठल्या बाजूने येत होते, हे मी आज सगळ्यांसमोर…" एवढं म्हणतेय तोवर देवेशने दुसरा माइक ओढला, "सर्वांसाठी बाहेर गरम वडे आणि चहाची व्यवस्था आहे, कुणीही तसं जाऊ नये!" झालं! खुर्च्या खडखडल्या, सगळा हॉल उठला. लोकांना दोष कसा द्यायचा? न्याय गार झाला तरी चालतो, वडा नाही चालत. माझं वाक्य तिथेच राहिलं. साहेब खांद्यावर माझी शाल घेऊन, नारळ घेऊन निघून गेले. बाहेर आमच्याच हवालदाराने बाकी सगळा रस्ता थोपवून धरला होता त्यांच्यासाठी. का? पाटी निळी!

मी शरीफाबाईंना दुरुस्त केलेल्या गाडीतून घरी सोडायला निघाले. मी चालवतेय, त्या शेजारी. एकदम चेहरा उजळून म्हणतात, "मॅडम! सॉरी बोलला ना तो? मी बघितला! मला ऐकू नाय आला, पन ओठ बघितले मी. हात जोडले त्याने! आपल्या अपघाताबद्दल बोलला ना?"

माझा अंगठा ठणकत होता. तोंडातून निघून गेलं, "हो. म्हणाला. चूक माझी होती म्हणाला. त्या बाईंना सांगा म्हणाला." बाई इतक्या हसल्या! कितीतरी दिवसांनी हसल्या. हसता हसता वर आरशात बघितलं. आणि मग, "मॅडम, तुमीच शिकवलात ना, आरसा बघा? आरशात तुमचं तोंड दिसतंय."

गाढी नदीचा पूल ओलांडून मी गाडी कडेला घेतली. मग सगळं सांगितलं, अंगठ्याचं. बाई रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "पायावर पाय पडला त्याची माफी हाय. गाडीची नाय. बरोबर हाय. खाली उतरल्यावर तो आपल्यासारखाच मानूस ना." आणि मला वाटलं, संपलं. ही बाई आता गाडीत बसत नाही.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभ्या! मी एवढी आनंदले, पळत जाऊन गाडी काढली, उजवं दार उघडलं. त्या डावीकडे जाऊन बसल्या. माझ्या जागेवर. मी म्हटलं, अहो, तिकडे नाही! "इकडंच. इकडं पन ब्रेक हाय ना? मला तेवढा शिकवा." मी म्हटलं, नुसता ब्रेक? "चालवनारे लय हायत, मॅडम. आपल्याला थांबता आलं पायजे."

हसू नका. इतक्या वर्षांत मी हजारो लोकांना चालवायला शिकवलं, पण फक्त थांबायला शिकणारी ही पहिलीच. रोज येतात. मी चालवते, त्या बाजूला बसून ब्रेक मारतात. आणि काय मारतात! मांजर दिसायच्या आधी मारतात. वळणामागे कोण आहे ते वासाने ओळखून मारतात. माझं कपाळ दोनदा काचेवर आपटलंय.

परवा बद्रुद्दीनभाई आले. विमानतळावर आम्ही दोघी गेलो. मी चालवायला, शरीफाबाई डावीकडे, पाय ब्रेकवर. भाई बाहेर आले, दोन बॅगा, पांढरी दाढी, सवयीने थेट ड्रायव्हरच्या दाराशी. मी म्हटलं, नाही भाई, तुम्ही मागे. साहेबासारखे. ते मागे बसले, पण अवघडून, बॅग मांडीवर घेऊन. मग बघितलं की बायको डावीकडे आहे आणि चालवतेय मी. म्हणाले, "शरीफा, तू फोनवर बोललीस, तू चालवणार?" बाई म्हणाल्या, "मी थांबवनार."

भाईंना काही कळेना. मी सगळं सांगितलं, निळ्या पाटीपासून. मग म्हणाले, "मॅडम, तिकडे पण असंच. काही पाट्या दिसल्या की आम्ही ड्रायव्हर लोक आपोआप कडेला. कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही. मला वाटलं होतं, घरी गेल्यावर…"

तेवढ्यात काय झालं कळलंच नाही, गाडी खाडकन उभी! मी पुढे, भाई पुढे, बॅग पुढे. समोर रस्ता रिकामा. मी ओरडणार, तोच वळणावरून, उलट्या दिशेने, आमच्याच लेनमध्ये, काळी गाडी सूंऽऽ करत आली, आमच्या नाकासमोरून कट मारून निघून गेली. पाटी? विचारताय कशाला!

मागून भाईंचा आवाज आला, अगदी मनापासून, "माशाल्ला, शरीफा! ब्रेक काय मस्त मारतेस!"

आणि ती बाई लाजली हो. नव्या नवरीसारखी लाजली. आरशात बघितलं मी.

तर हे असं आहे. स्कूल चालू आहे माझं, या ना शिकायला. मंत्र तोच. आरसा बघा, हात दाखवा, मगच वळा… आणि समोर पाटी निळी दिसली, तर वळूच नका. ब्रेक मारा आणि बसून राहा. तेवढ्यात आम्ही पटाईत आहोत.